जुन्या एफडब्ल्यूबी ३००एसची पीप साइट: 'आर'कडे फिरवलं की ग्रुप अजून डावीकडे जातो, असं का?

मुलुंडचा_नेमबाज:
नमस्कार मंडळी, मामांकडची जुनी एअर रायफल आता माझ्याकडे आलीये. फाइनवेर्कबाऊ (एफडब्ल्यूबी) ३००एस, साइड लिव्हरवाली, अक्रोडाचा स्टॉक, मामा दर पावसाळ्यात तेलाचा बोळा फिरवायचे त्यामुळे बॅरलला गंजाचा डाग नाही. मामांचे डोळे आता साथ देत नाहीत म्हणून त्यांनी मला दिली, म्हणाले नुसती कपाटात ठेवायची असेल तर नेऊ नको, मारणार असशील तर ने. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेचं ब्राँझ आलं तेव्हापासून माझ्या डोक्यात होतंच, त्यामुळे मनापासून शिकायचं ठरवलंय, आणि वरळीला रेंजवर जायला लागलोय.

आता प्रॉब्लेम सांगतो. ग्रुप छान येतोय, पाच पेलेटची (छर्‍यांची) भोकं एकमेकांना चिकटून असतात, म्हणजे बॅरल आणि रायफल ठीक आहे असं मी समजतो. पण ग्रुप पडतो डावीकडे, सातच्या रिंगवर, वर-खाली काही नाही, सरळ ९ वाजण्याच्या दिशेला. मागच्या पीप साइटला (जिच्या बारीक भोकातून बघून नेम धरतो ती) उजव्या बाजूला जो नॉब आहे त्यावर बाण आणि 'आर' आहे. मला ग्रुप उजवीकडे न्यायचा होता म्हणून 'आर'च्या दिशेने एक पूर्ण फेरा दिला. तर ग्रुप अजून डावीकडे, पाचवर गेला! परत मारून बघितलं, तेच. साइट खराब आहे का? आतला स्क्रू झिजलाय का? मामांना विचारलं तर ते म्हणाले मी कधी हात लावला नाही, माझी सेट होती. नवीन साइट घ्यायची म्हटलं तर खर्च मोठा आहे आणि मुळातली साइट काढायची इच्छा पण नाही. कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

वरळी_लेन_चार:
मित्रा साइट एकदम ठणठणीत आहे, काळजी करू नको. जर्मन साइट आहे ना, तिच्यावरची खूण वेगळ्या हिशोबाने केलेली असते. तिथे 'आर' म्हणजे "शॉट उजवीकडे पडत असेल तर इकडे फिरव". म्हणजे 'आर'कडे फिरवलं की शॉट डावीकडे सरकतो. तुझा शॉट डावीकडे पडतोय म्हणून तुला 'एल'कडे फिरवायचंय. वरच्या नॉबवर पण बघ, 'एच' आणि 'टी' असेल, तिथे पण तोच नियम, शॉट वर जात असेल तर 'एच'कडे, खाली जात असेल तर 'टी'कडे. अँशुट्झ, वाल्थर, तुझी एफडब्ल्यूबी, सगळ्या जर्मन घराण्यांचा हाच रिवाज. इंग्लिश साइटवर बरोबर उलटं असतं, तिथे 'आर' म्हणजे शॉट उजवीकडे नेणार. रेंजवर एकाच्या हातात जर्मन आणि शेजारच्याच्या हातात इंग्लिश असली की सल्ला देताना गोंधळ ठरलेला.

एक फेरा उलटा देऊन आधी होतास तिथे ये, मग तसाच पुढे 'एल'कडे जा.

ठाणेकर_७२:
एवढं करण्यापेक्षा पुढची फोरसाइट जरा बाजूला सरकवली तर? आमच्याकडे गावाला जुन्या बंदुकीची माशी तशीच ठोकून सरळ करायचे, पितळेचा तुकडा ठेवून हातोडीने हलकेच. एकदा जमली की परत बघायला नको.

लालबागचा_फिटर:
ठाणेकर साहेब, कृपा करून या रायफलला हातोडी दाखवू नका. गावठी बंदुकीची माशी आडव्या खाचेत बसवलेली असते म्हणून ती ठोकून सरकते. या मॅच रायफलची फोरसाइट म्हणजे नळी असते, आत रिंगचा इन्सर्ट, आणि ती बॅरलच्या लांबीने जाणाऱ्या पट्टीवर पुढून-मागे बसते, बाजूला सरकायची सोयच नाही. ठोकलं तर पट्टीची कड दुमडेल आणि मग आयुष्यभर फोरसाइट वाकडी बसेल. विंडेजचं, म्हणजे शॉट डावी-उजवीकडे नेण्याचं काम मागच्या साइटनेच करायचं.

आता मुलुंडच्या मुला, तू नीट ऐक. वरळीवाल्याने सांगितलं ते बरोबर आहे पण मी म्हणतो अक्षरावर अजिबात विश्वास ठेवू नको. जुनी रायफल आहे, हातोहात फिरलेली आहे, साइट तिची मूळची आहे की कोणी दुसऱ्या रायफलची चढवली ते तुला काय माहीत. डोळ्याने बघ. साइट वरून बघितलीस की मधली पट्टी, जिच्यावर भोकाची चकती बसलीये, ती नॉब फिरवला की बाजूला सरकताना दिसते. ज्या बाजूला मागची साइट सरकते त्याच बाजूला शॉट सरकतो. हा नियम जर्मन असो, इंग्लिश असो, कधी बदलत नाही. चकती उजवीकडे सरकली तर शॉट उजवीकडे. नॉबवर काय पण लिहिलेलं असू दे.

किती सरकवायचं त्याचा हिशोब सोपा आहे. टारगेटवरची चूक गुणिले दोन साइटमधलं अंतर भागिले टारगेटचं अंतर. दहा मीटरच्या कार्डावर एक रिंग म्हणजे अडीच मिलीमीटर. सातवर पडतोय म्हणजे केंद्रापासून सुमारे नऊ मिलीमीटर धर. पुढच्या-मागच्या साइटमध्ये ७० सेंटीमीटर असेल, तू टेप लावून मोज. नऊ गुणिले ०.७ भागिले दहा, आले ०.६३. म्हणजे मागची चकती पाऊण मिलीमीटरपेक्षा कमी सरकवायची आहे, बस. एवढ्याशा मापाचं काम आहे म्हणून साइटमध्ये जरासा प्ले (ढिलेपणा) असला तरी टारगेटवर रिंगच्या रिंग जातात. मिलमध्ये मशीन लावताना आम्ही जे बघायचो तेच इथे बघायचं: काही फिरवायच्या आधी काय ढिलं आहे ते शोध.

तीन गोष्टी तपास आणि इथे लिही. एक, साइट रायफलवरच्या पट्टीवर घट्ट आहे का, दोन बोटांनी धरून डावी-उजवी हलवून बघ, आणि खालची पकड पट्टीच्या दोन्ही बाजूंना सारखी बसलीये का बघ, कारण तिरकी बसली असली तर स्क्रू घट्ट असूनही साइट एका कुशीला पडलेली असते. दुसरं, नॉब एका टोकाला गेलाय का. हळूच, जोर न लावता, पूर्ण डावीकडे ने, मग क्लिक (नॉबचा एकेक वाजणारा टप्पा) मोजत पूर्ण उजवीकडे, आणि अर्ध्यावर आणून ठेव, ते झालं मेकॅनिकल सेंटर. तिसरं, क्लिक होताना चकतीची पट्टी लगेच हलते की आधी दोन-तीन क्लिक नुसतीच वाजतात?

एनसीसी_ताई_माहीम:
फिटर काकांच्या नियमाला माझी जोड: फोरसाइटचं सगळं उलटं असतं, ती डावीकडे सरकवली तर शॉट उजवीकडे. आम्ही एनसीसीत .२२ वर शिकलो, तिची माशी आडव्या खाचेत असते आणि ती सरकवायला आर्मररकडे खास क्लॅम्प असायचा, कॅडेटने हात लावायचा नाही असा दंडकच होता. ठाणेकर दादा म्हणतात ती पद्धत त्या जातीच्या रायफलला लागू पडते, या नाही. (आणि एनसीसीच्या .२२ ला कोणी कमी समजू नये, अंजली भागवत कीर्ती कॉलेजच्या एनसीसीतूनच या खेळात आल्या.)

पण मला वेगळंच विचारायचंय. मुलुंडकर, तू उभा राहून मारतोयस की बसून टेकवून? आणि मामा उंच आहेत का, जाड आहेत का, कसे उभे राहायचे? कारण "माझी सेट होती" हे त्यांचं अगदी खरं आहे, ती त्यांना सेट होती. तीच रायफल, तीच साइट, दुसऱ्याने खांद्याला लावली की गालाची जागा बदलते, डोकं वेगळ्या कोनात येतं, रायफल थोडी कलते, आणि झिरो, म्हणजे रोखलं तिथेच शॉट पडेल अशी साइटची सेटिंग, बदलतो. रेंजवर दोघं एकाच रायफलने मारतात तेव्हा प्रत्येकाचे आपापले क्लिक लिहिलेले असतात.

कलण्याबद्दल सांगते कारण ते सगळेच विसरतात. पेलेट दहा मीटर जाईपर्यंत साधारण दीड सेंटीमीटर खाली येतो, त्यासाठी साइट लावताना बॅरल नकळत तेवढं वर रोखलेलं असतं. रायफल डावीकडे कलली की ते "वर" डावीकडे झुकतं, शॉट डावीकडे आणि किंचित खाली जातो. दहा अंश कललं तर अडीच मिलीमीटरच्या वर, म्हणजे पूर्ण एक रिंग गेली. पण तुझी चूक नऊ मिलीमीटरची आहे, तेवढी नुसत्या कलण्याने यायला रायफल पस्तीस-चाळीस अंश वाकडी धरावी लागेल, तेवढं शेजारच्या लेनवाल्याला पण दिसेल. म्हणून मुख्य भानगड साइटचीच, यात शंका नाही, पण शेवटची एक-दीड रिंग तुझ्या अंगात असू शकते, ती नॉबने काढायच्या आधी बघ.

मुलुंडचा_नेमबाज:
वा, इतकं सविस्तर उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. आज घरीच साइट बघितली. (घरात मारत नाही, आमच्या हॉलमध्ये दहा मीटर सोडा, पाच पण होत नाहीत, फक्त खिडकीजवळच्या उजेडात चष्मा लावून बघितलं.)

फिटर काका, 'आर'कडे फिरवलं की चकती खरंच डावीकडे सरकते, वरून स्पष्ट दिसलं. म्हणजे वरळीवाले दादा म्हणाले तेच. पण तुमचा तिसरा मुद्दा पण निघाला. दिशा बदलली की पहिले काही क्लिक नुसतेच वाजतात, पट्टी जागची हलत नाही, मग एकदम हलते. पट्टीच्या कडेला पिवळट, मेणासारखं काहीतरी साचलंय, नखाने खरवडलं तर निघतंय. आणि साइट पट्टीवर घट्ट आहे पण ताई, काका, एक गोष्ट, समोरून बघितली तर साइट मला किंचित तिरकी वाटते, डाव्या बाजूला पकड पट्टीच्या खाली नीट गेलेली नाहीये असं वाटतं.

ताई, मी उभा राहूनच मारतो. मामा माझ्यापेक्षा बुटके आणि भरदार.

लालबागचा_फिटर:
ते पिवळं म्हणजे जुनं ग्रीस. वर्षानुवर्षं कपाटात राहिलं की त्याचा असाच गोंद होतो, मुंबईच्या दमट हवेत त्यात धूळ बसते ती वेगळी. आता बघ तुला काय होत असणार. साइटच्या आत एक स्प्रिंग असते, ती पट्टीला कायम एका बाजूला रेटून ठेवते म्हणजे स्क्रूच्या आट्यातला प्ले उरत नाही. ग्रीस चिकट झालं की स्प्रिंगला पट्टी रेटता येत नाही. तू दहा क्लिक देतोस, पट्टी सहाच हलते, आणि उरलेले चार पहिला शॉट बसला की धक्क्याने आपोआप हलतात. म्हणून अशा साइटवर ॲडजस्ट केल्यानंतरचा पहिला शॉट एकीकडे आणि पुढचे दुसरीकडे. मग माणूस बिचारा स्वतःला दोष देत बसतो की माझा ट्रिगर खराब झाला.

करायचं काय: साइट पट्टीवरून काढ, चकती काढून बाजूला ठेव, जुन्या टूथब्रशला थोडं रॉकेल लावून कडा साफ कर. आतलं काही उघडू नको, क्लिकची बारीक गोळी आणि स्प्रिंग उडून पलंगाखाली गेली तर या साइटची परत मिळायची मारामार. नॉब इकडून तिकडे सावकाश चालव म्हणजे आतलं निघेल. सुती फडक्याने कोरडं कर, मग शिलाई मशीनचं तेल टाचणीच्या टोकाने एक थेंब, जास्त नाही. चकतीच्या भोकात तेल जाऊ देऊ नको. परत बसवताना पट्टीची खाच आणि पकडीची धार दोन्ही पुसून घे, तिथे पण तेच ग्रीस असणार, म्हणूनच ती डावीकडे बसत नाही. आधी दोन्ही स्क्रू हलके लाव, साइट दाबून बसव, समोरून बघ सरळ आहे का, मग थोडं हा स्क्रू थोडं तो असं करत घट्ट कर. आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक खाचेत गच्च बसेल असंच घे, बारीक घेतलंस तर डोकं खाशील.

आणि एक सवय लाव. ॲडजस्टमेंट कायम एकाच बाजूने येऊन संपव. म्हणजे समजा चार क्लिक डावीकडे जायचंय आणि तुझी शेवटची बाजू उजवी ठरलीये, तर सात-आठ डावीकडे जा आणि परत उजवीकडे येऊन चारवर थांब. प्ले एकाच बाजूला राहतो. जुन्या मशीनवर हे पाळलं नाही तर माप कधी लागत नाही.

बीएसए_वाले_काका:
मी या धाग्यात उशिरा आलो, पण विषय माझ्या आवडीचा आहे म्हणून लिहितो. माझ्याकडे बीएसएची मार्टिनी इंटरनॅशनल आहे, .२२, त्यावर पार्कर-हेलची साइट. दोन्ही बर्मिंगहॅमच्या कंपन्या. (नवीन मुलांसाठी सांगतो, मुलुंडकरांची ४.५ एमएमची एअर रायफल २० जूलच्या खूप आत आहे, तिला २०१६ च्या नियमांप्रमाणे लायसन्स लागत नाही, .२२ ला मात्र लागतं, घरात वडिलांची सापडली म्हणून उचलून रेंजवर आणायची नाही.)

पार्कर-हेलवर बाण ज्या दिशेला, शॉट त्या दिशेला. बऱ्याचशा साइटवर एक क्लिक म्हणजे पाव मिनिट कोन (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). ५० मीटरला एक मिनिट म्हणजे साडेचौदा मिलीमीटर, तेव्हा एक क्लिक साडेतीनच्या थोडा वर. ५० मीटरच्या कार्डावर रिंग आठ मिलीमीटरची असते, दोन क्लिक आणि थोडं म्हणजे एक रिंग. हे पाठ असलं की दुर्बिणीतून भोक बघून सरळ क्लिक द्यायचे, विचार करावा लागत नाही.

तुम्हाला आतमध्ये दहा मीटरला विंडेज म्हणजे फक्त झिरो. आम्हाला बाहेर ५० मीटरला ते नाव सार्थ होतं, वारा आला की खेळ बदलला. समुद्राकडून दुपारी वारा सुटला की ज्यांना साइट फिरवायची घाई असते ते दहा मिनिटांत हरवतात, कारण वारा पडला की त्यांचे क्लिक उलटतात. माझ्या मते जो वारा बराच वेळ टिकून आहे त्याला क्लिक द्यावेत, जो मधूनच येतो त्याला थांबून द्यावं. आणि वाऱ्याने गोळी नुसती आडवी जात नाही हे पण लक्षात ठेवा, उजव्या फिरकीच्या रायफलिंगमध्ये उजवीकडून वारा आला तर शॉट डावीकडे आणि थोडा वर, डावीकडून आला तर उजवीकडे आणि थोडा खाली. कार्डावर दहा वाजल्यापासून चार वाजेपर्यंत तिरकी रेघ दिसली की समजायचं हे वाऱ्याचं काम, साइटचं नाही.

मुलुंडकर, तुमच्या साइटचा क्लिक किती मिलीमीटरचा ते कागदावर बघत बसू नका, मोजा. टेकवून पाच मारा, दहा क्लिक द्या, परत टारगेटच्या त्याच काळ्या गोलावर रोखून पाच मारा, दोन ग्रुपच्या मध्यातलं अंतर पट्टीने मोजून दहाने भागा. साइट पट्टीवर मागे-पुढे सरकवलीत तर हा आकडा बदलतो, मागे नेली की दोन साइटमधलं अंतर वाढतं आणि प्रत्येक क्लिक लहान होतो. म्हणून आधी डोळ्यापासूनचं अंतर ठरवा, मग मोजा.

ठाणेकर_७२:
फिटर साहेब, बरं झालं सांगितलंत. मला वाटलं सगळ्या फोरसाइट सारख्याच. आमच्या घरी माझ्या पुतण्याकडे पण अशी नळीवाली आहे, त्याला हा धागा पाठवतो.

मुलुंडचा_नेमबाज:
अपडेट देतोय. साइट काढून काकांनी सांगितलं तसं साफ केली, फडकं अक्षरशः पिवळं झालं. पट्टीच्या डाव्या खाचेत ग्रीसचा थर होता, तो टूथपिकने काढला, आता साइट समोरून सरळ दिसते. नॉबचा आवाज पण बदलला, आधी मंद टक टक होता, आता टिक टिक कडक येतो आणि पहिल्या क्लिकलाच पट्टी हलते.

वरळीला जाऊन आधी खुर्चीवर बसून, टेबलावर जाड टॉवेलची घडी ठेवून त्यावर हात टेकवून मारलं. मेकॅनिकल सेंटरला ग्रुप आला थोडा डावीकडे, नऊच्या रिंगवर! म्हणजे सातवर पडत होतं त्यातलं बरंचसं साइट तिरकी बसल्यामुळे आणि मामांच्या सेटिंगमुळे होतं. मग बीएसए काकांची टेस्ट केली, दहा क्लिकला ग्रुप साधारण तीन मिलीमीटर सरकला, म्हणजे क्लिक ०.३ चा. 'एल'कडे क्लिक देऊन, उजव्या बाजूने येऊन संपवून, टेकवून मारताना दहाच्या ठिपक्याभोवती ग्रुप आणला. खूप भारी वाटलं.

पण उभा राहिलो आणि परत डावीकडे. आता नऊवर, आणि किंचित खाली. ताई हे तुमचं कलण्याचं गणित का? की नॉबने काढून टाकू?

एनसीसी_ताई_माहीम:
डावीकडे आणि किंचित खाली, एक रिंग. अगदी तेच असणार. कोणाला तरी मोबाईलने फोटो काढायला सांग, टारगेटच्या बाजूने नाही हं, तुझ्या मागून, सेफ्टी पाळून, बॅरलच्या रेषेत. फोरसाइटची नळी आणि मागची साइट एका उभ्या रेषेत आहेत का ते दिसेल.

आणि अजून एक चाचणी. उभा राहा, रायफल रोख, डोळे मीट, दोनदा श्वास घे, डोळे उघड. फोरसाइटच्या रिंगमध्ये टारगेटचं काळं मध्यभागी असेल तर अंग टारगेटकडे आहे. काळं उजवीकडे सरकलेलं दिसलं तर तुझं अंग डावीकडे बघतंय आणि तू हाताच्या जोराने रायफल ओढून धरतोयस, ट्रिगर दाबताना हात सैल होतो आणि शॉट डावीकडे जातो. त्याला औषध मागचा पाय सरकवणं आहे, नॉब नाही.

लालबागचा_फिटर:
मी तर म्हणतो टेकवून दहावर येतंय ना, मग साइटला आता हात लावू नको. साइट बरोबर आहे, माणूस सरळ कर.

एनसीसी_ताई_माहीम:
काका इथे मी तुमच्याशी असहमत. टेकवून मारलं ते साइट तपासायला, ते झालं. पण झिरो ज्या पोझिशनमध्ये मॅच मारायची तिच्यातच करायचा. डोकं सरळ ठेवायला रायफल थोडी तोंडाकडे कलवणारे कितीतरी चांगले नेमबाज आहेत, आणि त्यात काही बिघडत नाही, फक्त प्रत्येक शॉटला तेवढीच कलली पाहिजे. मान वाकडी करून रायफल सरळ धरली तर दहा शॉटनंतर मान दुखायला लागते आणि ग्रुप उघडतो. म्हणून आधी पाय आणि अंग नीट लाव, मग रायफल गालाला जशी सहज लागते तशी लागू दे, चार-पाच दिवस तेच ठेव, आणि मग उरलेलं डावीकडचं नॉबने काढ. अंग दर वेळी वेगळं असताना नॉब फिरवत राहिलास तर झिरो कधीच सापडणार नाही.

लालबागचा_फिटर:
बरोबर आहे ताई तुमचं. मी यंत्राच्या बाजूने बोललो, मारणाऱ्याच्या बाजूचं तुम्हाला जास्त कळतं. मुलुंडच्या मुला, ताईंचं ऐक.

मुलुंडचा_नेमबाज:
फोटो काढला, रायफल डावीकडे कललेली आहेच, स्पष्ट दिसतंय. आणि डोळे मिटायची चाचणी केली तर काळं उजवीकडे गेलेलं असतं, म्हणजे पाय पण चुकीचे लागतायत. दोन्ही कळलं, आता पायावर काम करतो. एक शेवटचं विचारतो, सगळं जमलं की हा झिरो लक्षात कसा ठेवू? मामा कधीतरी येऊन मारणार म्हणतात, तेव्हा त्यांच्यासाठी साइट फिरवावी लागेल.

बीएसए_वाले_काका:
मेकॅनिकल सेंटरपासून क्लिक मोजून लिहून ठेवा. "विंडेज: सेंटरपासून 'एल'कडे अमुक, एलेव्हेशन (वर-खाली): तळापासून अमुक", खाली पेलेटचं नाव आणि फोरसाइट इन्सर्टचं माप. तुमची एक ओळ, मामांची एक ओळ. कागद रायफलच्या बॅगेत, फोनमध्ये नको, रेंजवर फोन नेमका तेव्हाच बंद पडतो. पेलेट बदललेत, अगदी त्याच कंपनीचा दुसऱ्या वजनाचा घेतलात, तरी झिरो परत तपासायचा.

वरळी_लेन_चार:
नॉबवर आणि शेजारच्या बॉडीवर समोरासमोर नेलपॉलिशचा बारीक ठिपका पण दे, तुझा एका रंगाचा आणि मामांचा दुसऱ्या. पूर्ण फेरा चुकला तर ठिपक्यावरून कळणार नाही म्हणून मोजलेले आकडे हवेतच, पण बॅगेत घासून दोन-तीन क्लिक हलला तर लेनवर उभं राहिल्या राहिल्या दिसतं. शनिवारी असशील तर माझ्याकडे लाल आणि पांढरी दोन्ही बाटल्या आहेत, घेऊन येतो.